स्मृतिभ्रंश, कुटुंब आणि शेजार

"साठी बुद्धि नाठी" ही म्हण महाराष्ट्रांत इतकी रुळलेली आहे कीं, ती उच्चारणाऱ्याला आपण एखाद्या रोगाचें निदान करीत आहों असें वाटतहि नाहीं. वाशीमच्या बाजूस एखाद्या गांवीं पारावर बसलेल्या मंडळींत गोष्ट निघते. कोणाचा तरी म्हातारा जेवून हात धुतो न धुतो तोंच पुन्हां ताट मागतो, रात्रीं उठून वावराची वाट धरतो, सुनेला परकी बाई समजून घराबाहेर घालवूं पाहतो. ऐकणारा मान हलवितो, ही म्हण म्हणतो, आणि बोलणें पिकापाण्याकडे वळतें. म्हातारा मात्र दुसऱ्या रात्रींहि उठतो, आणि त्याच्यामागें बॅटरी घेऊन धांवणारी सूनहि उठते.

म्हण खोटी आहे असें आंकडेच सांगतात. भारतांतील वृद्धांच्या स्मरणशक्तीची जी मोठी पाहणी अलीकडे झाली, तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील शंभर माणसांत सरासरी सात-साडेसात माणसांना स्मृतिभ्रंशाचा विकार, ज्यास डॉक्टर मंडळी डिमेन्शिया म्हणतात, असल्याचें त्यांत दिसून आलें. म्हणजे नव्वदांहून अधिक माणसें त्या वयांतहि आपले व्यवहार सांभाळून असतात. बुद्धि जाते ती साठीमुळें नव्हे. मेंदूचा ऱ्हास करणाऱ्या व्याधीमुळें. सबंध देशांत अशा रुग्णांची संख्या ८८ लाखांच्या घरांत भरते. शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना आश्चर्य वाटेल अशी गोष्ट ही कीं, तिचें प्रमाण शहरांपेक्षां खेड्यांत अधिक आहे, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आहे.

२०११ च्या शिरगणतींत वाशीम जिल्ह्याची वस्ती ११,९७,१६० होती. महाराष्ट्रांत त्या वेळीं साठीपुढील माणसें शेंकडा दहाच्या आसपास होतीं. हीं प्रमाणें घेऊन साधें त्रैराशिक मांडलें, तर वाशीम, मालेगांव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांत मिळून आठ-नऊ हजार रुग्ण असावेत असें निघतें. हा केवळ अंदाज आहे; दारोदार जाऊन केलेली मोजणी नव्हे. तथापि इतके रुग्ण म्हणजे जवळजवळ तितकींच घरें, आणि प्रत्येक घरांत दिवसरात्र जागणारें एक तरी माणूस. या माणसाचा भार कोणाच्या ध्यानांत, केव्हां व कसा आला, हें पाहूं गेल्यास फार लांबचा प्रवास करावा लागतो.

जुन्या धर्मशास्त्रानें असमर्थ माणसाची चिंता केलीच नव्हती असें नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत दायविभागाच्या प्रकरणांत वेडा, मंदबुद्धि, आंधळा, असाध्य रोगी अशांना वांटणींतून वगळलें आहे; पण त्याच ठिकाणीं त्यांचें पोषण केलेंच पाहिजे असेंहि सांगितलें आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं विज्ञानेश्वरानें या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि पुढें वऱ्हाडासह महाराष्ट्रांत वारशाच्या कामीं तीच प्रमाण मानली गेली. अन्नवस्त्राचा हक्क शास्त्रानें दिला. घांस भरविणारा हात कोणाचा, यासंबंधीं तें मौन धरतें. तो हात घरांतल्या बाईचा असावयाचा, हें बहुधा सांगण्याचीहि कोणास गरज वाटली नाहीं.

पंढरीच्या वाटेनें जाणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याला पुंडलिकाची कथा ठाऊक असते. आईबापांच्या सेवेंत गुंतलेल्या पुंडलिकानें दारीं आलेल्या देवाकडे वीट फेकली व तिच्यावर उभें राहण्यास सांगितलें. सेवेला देवाच्या भेटीहून मोठें ठरविणारी अशी कथा दुसऱ्या कोणत्या देशांत असेल तर असो. पण तिची एक बाजू सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. देव युगानुयुगें तिष्ठत राहिला, याचा अर्थ तितका काळ पुंडलिकालाहि उसंत मिळाली नाहीं; आणि 'तूं घटकाभर पाठ टेक, तोंवर यांचे पाय मी चेपतों' असें देवानें म्हटल्याचें कथेंत नाहीं.

वऱ्हाडच्याच भूमींतील एक निराळें उदाहरण तेराव्या शतकांतील आहे. आजच्या अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें गोविंदप्रभु राहत. महानुभाव पंथाचे म्हाइंभट यांनीं त्यांचें चरित्र लिहिलें, आणि मराठी गद्याच्या आरंभींच्या ग्रंथांत त्याची गणना होते. घरोघर हिंडणें, मनास येईल तें खाणें, क्षणांत हसणें व क्षणांत रागावणें, असे प्रसंग त्यांत जागोजाग येतात. पंथीयांच्या दृष्टीनें त्या ईश्वराच्या लीळा होत. त्यांना रोगाचें नांव देणें अनुचित, आणि सातशें वर्षांमागील व्यक्तीचें निदान करणें हें इतिहासाचें कामहि नव्हे. परंतु दृष्टि थोडी बाजूला वळवून भोंवतालच्या माणसांकडे पाहावें. चक्रधरांच्या मागें नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा प्रभृति मंडळी रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेंत राहिली, आणि गांवानेंहि त्यांना आपलें मानलें होतें. लोकरीतीबाहेर वागणाऱ्या एका व्यक्तीभोंवतीं सबंध गांव कसें नांदूं शकतें, याचें इतकें बारकाईचें वर्णन जुन्या मराठींत दुसरें क्वचितच सांपडेल. त्या गांवाला हें वळण श्रद्धेनें लावलें होतें. सामान्य घरांतील म्हाताऱ्याच्या वांट्यास तशी श्रद्धा येत नाहीं.

इंग्रजी अमदानी आली आणि माणसांची मोजदाद सुरू झाली. त्या काळीं वाशीम हा बाशीम या नांवानें स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ सालीं तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वांटले गेले; पुढें १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वाशीम जिल्हा पुन्हां निराळा निघाला. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतींत व्यंगांचा एक रकाना असे. वेडे, मुके-बहिरे, आंधळे व कुष्ठरोगी अशा चार वर्गांची त्यांत नोंद होई. म्हातारपणीं स्मृति गेलेल्या माणसाला यांतल्या कोणत्याच वर्गांत जागा नव्हती. मोजणारा दारांत उभा राहून 'घरांत कोणी वेडें आहे काय' असें विचारी, तेव्हां 'नाहीं' असेंच उत्तर मिळत असणार. कारण घरच्यांच्या लेखीं आजोबा वेडे नव्हते, म्हातारे झाले होते.

अशीं माणसें त्या काळीं थोडीं होतीं, हेंहि खरें. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांतील सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांहूनहि कमी होतें, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडाची जी दैना केली, तिच्यांतून पुष्कळशीं म्हातारीं माणसें वांचलींच नाहींत. १९१२ सालीं वेड्यांसंबंधींचा कायदा झाला. अशा माणसाला इस्पितळांत कसें घालावें हें त्यानें सांगितलें, त्याच्या मालमत्तेची व्यवस्था कोर्टामार्फत कशी लावावी हेंहि तपशिलानें सांगितलें. नागपुरास वेड्यांचें इस्पितळ होतें. पण घरींच राहणाऱ्या रुग्णाला व त्याच्या माणसांना काय आधार द्यावा, याचा विचार त्या कायद्यांत कोठेंहि नव्हता. मिळकतीची काळजी सरकारनें वाहिली, माणसाची काळजी घरावर सोपविली.

बाशीम जिल्ह्यांत १९०१ ची शिरगणती होऊन गेली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं रेल्वेंतील एका कारकुनानें आपल्या एकावन्न वर्षांच्या पत्नीला इस्पितळांत आणून सोडलें. ती वस्तु भलत्याच ठिकाणीं ठेवी, नवऱ्याविषयीं नाहीं नाहीं ते संशय घेई, आपलें नांव लिहितां लिहितां थांबे. तिला तपासणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली, तेव्हां त्यांनीं तिचा मेंदु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, आणि त्याच वर्षीं ३ नोव्हेंबर रोजीं ट्युबिंगेन येथील सभेंत आपलें निरीक्षण वाचून दाखविलें. सभेंत कोणीं एक प्रश्नहि विचारला नाहीं. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत या रोगाला अल्झायमर यांचें नांव दिलें.

वैद्यकाच्या इतिहासांत ही कथा नेहमीं डॉक्टरांची व त्या स्त्रीच्या मेंदूची म्हणून सांगितली जाते. खरें पाहतां तिचा आरंभ त्या कारकुनापासून होतो. घरीं सांभाळणें हाताबाहेर गेलें म्हणून तो इस्पितळाची पायरी चढला. तो चढला नसता तर अल्झायमर यांना ती रुग्ण भेटलीच नसती. मेंदूचे काप जपून ठेवले गेले; त्या नवऱ्याचे दिवस कसे गेले, याची चौकशी करण्याचें पुढें सत्तर वर्षें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

सत्तर वर्षें म्हणण्याचें कारण असें कीं, १९७६ च्या सुमारास अमेरिकेंतील रॉबर्ट कॅट्झमन यांनीं, उतारवयांतील बुद्धिनाश हा बहुतांशीं अल्झायमरचाच रोग आहे, आणि तो अत्यंत मोठ्या प्रमाणावर पसरलेला आहे, असें ठांसून मांडलें. तोंवर म्हातारपण म्हणून जें सोडून दिलें जात होतें, त्यास व्याधि हें नांव मिळालें. त्याबरोबर घरोघरचीं थकलेलीं माणसें एकमेकांना शोधूं लागलीं. इंग्लंडांत १९७९ सालीं त्यांची संस्था निघाली, जपानांत क्योटो येथें १९८० सालीं निघाली, आणि १९८४ सालीं निरनिराळ्या देशांतील अशा संस्थांचा जागतिक संघ स्थापन झाला. भारतांतील संस्था १९९२ सालीं केरळांत उभी राहिली. तिचे संस्थापक डॉ. जेकब रॉय यांच्या वडिलांनाच हा विकार जडला होता. या सर्व हालचालींत एक साम्य आहे. त्यांचा आरंभ राजाज्ञेनें झाला नाहीं; ज्यांच्या घरांत रात्रीची झोंप उडाली होती त्यांनीं तो केला.

जपानी लोकांनीं पुढें एक गोष्ट केली, तिचें महत्त्व वरवर पाहणाऱ्याला वाटणार नाहीं. त्यांच्या भाषेंत या विकाराला जो शब्द होता, त्याचा अर्थ मूर्खपणा, खुळेपणा असा होई. २००४ सालीं सरकारनें तो शब्द टाकून 'आकलनाचा विकार' अशा अर्थाचा नवा शब्द स्वीकारला. दुसऱ्याच वर्षापासून दुकानदार, बँकेंतील कारकून, पोलीस, शाळेंतील मुलें अशांना दीड तासाचा एक वर्ग देऊन 'स्मृतिभ्रंशाचे साहाय्यक' म्हणून तयार करण्यास आरंभ झाला. त्यांच्या मनगटावर नारिंगी कडें असे. त्यांची संख्या पुढें एक कोटीहून अधिक झाली. वर्ग दीड तासाचाच. त्यानें कोणी वैद्य होत नाहीं. पण रस्त्यांत गोंधळून उभ्या राहिलेल्या आजीबाईला कसें विचारावें, समोरून जावें कीं मागून हांक मारावी, एवढें कळलें तरी ती घरीं पोंचते.

मराठींत शब्दांची स्थिति काय आहे? 'म्हातारचळ', 'चळ लागला', 'भ्रमिष्ट झाला' हे शब्द तर उघडच हेटाळणीचे. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द विद्वानांनीं योजला, तो प्रौढ आहे, सुटसुटीत आहे. पण त्यालाहि एक जुनी छाया चिकटलेली आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतीचा भ्रंश आणि त्यापासून बुद्धीचा नाश अशी परंपरा सांगितली आहे. चरकानेंहि बुद्धि, धैर्य व स्मृति ढळल्यानें माणसाच्या हातून जें अनुचित कर्म घडतें, त्यास प्रज्ञापराध म्हटलें आहे. तेथील संदर्भ नीतीचा व आचाराचा आहे, मेंदूच्या रोगाचा नाहीं. तरीहि शब्दाबरोबर अपराधाची भावना येतेच, आणि ती ज्याला व्याधि जडली त्याच्यापाशीं न थांबतां त्याला सांभाळणाऱ्याकडे सरकते.

हें केवळ तर्कानें सांगितलेलें नाहीं. गोव्यांत विक्रम पटेल व मार्टिन प्रिन्स यांनीं गांवकरी, वृद्ध, डॉक्टर, आरोग्यसेविका अशा निरनिराळ्या लोकांशीं बोलून एक अभ्यास केला, तो २००१ सालीं प्रसिद्ध झाला. स्मृति गेलेल्या वृद्धाचें वर्णन वाचून दाखविल्यावर लोकांनीं तें लगेच ओळखलें. अशीं माणसें त्यांच्या पाहण्यांत होतीं. परंतु हा रोग आहे असें त्यांना वाटत नव्हतें. म्हातारपणाचा तो भागच, असें त्यांचें मत पडलें. त्यामुळें डॉक्टरांकडे असे रुग्ण क्वचितच येत, पण गांवांत हिंडणाऱ्या सेविका त्यांना चांगल्या ओळखत होत्या. पुढची गोष्ट अधिक बोंचणारी आहे. म्हाताऱ्याचें असें कां झालें, या प्रश्नाला लोकांचें उत्तर होतें: मुलांनीं हेळसांड केली, छळ केला, माया दिली नाहीं.

त्या सुनेची स्थिति यावरून ध्यानांत यावी. सासऱ्यांच्या मागें रात्रभर ती जागते, आणि सकाळीं पाणवठ्यावर शेजारणीच्या डोळ्यांत तिला दिसतें तें हेंच, कीं हिनेंच कांहीं तरी केलें असणार. मग ती घराचें दार लावून घेते. सासरे हरवले तरी आधीं गवगवा न करतां स्वतःच शोधावयास निघते. व्याधीमुळें जेवढें एकटेपण येतें, त्याहून अधिक या दोषारोपानें येतें. त्याच अभ्यासांत असेंहि दिसून आलें कीं, वृद्धांची सेवा पुष्कळदां मालमत्ता मिळण्याच्या आशेवर अवलंबून असते, आणि एकत्र कुटुंबाचा जो आधार आपण अभंग समजतों तो वाटतो तितका भरवशाचा नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांत यावर 'आमच्याकडे तसें नाहीं' असें उत्तर चटकन् येतें. तें घाईचें आहे.

यानंतर गोव्यांत जें घडलें, तें या विषयाच्या इतिहासांत भारताच्या नांवावर नोंदविण्याजोगें आहे. डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनीं तिसवाडी व बारदेश या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबें घेतलीं. कोणास आधीं साहाय्य द्यावयाचें हें केवळ योगायोगावर सोडून दोन गट पाडले. ४१ कुटुंबांना तें ताबडतोब मिळालें. उरलेल्या ४० कुटुंबांना तूर्त माहिती देऊन, साहाय्य सहा महिन्यांनंतर देण्याचें ठरलें. साहाय्य देणारीं माणसें डॉक्टर नव्हतीं, परिचारिकाहि नव्हतीं. स्थानिक भाषा बोलणारीं, शालेय शिक्षण झालेलीं साधीं माणसें निवडून त्यांना एका आठवड्याचें शिक्षण दिलें, आणि त्यांच्या कामावर मनोविकारतज्ज्ञांची देखरेख ठेवली. हा सल्लागार पंधरा दिवसांतून निदान एकदां घरीं जाई. हा रोग कसला हें तो समजावून सांगे. स्नान, जेवण, शौच यांच्या अडचणींवर युक्ति सुचवी. जरूर तेव्हां डॉक्टरांकडे पाठवी. सरकारी योजनांची वाट दाखवी. आणि एका घराची दुसऱ्या घराशीं गांठ घालून देई.

अशा घरांत सांगावयाचें तरी काय असतें, असें कोणी विचारील. वाशीमच्या शिवारांतलें घर डोळ्यांपुढें आणावें. संध्याकाळ झाली कीं म्हातारा दोर शोधूं लागतो. गोठ्यांतले बैल सोडून आणावयाचे आहेत म्हणतो. बैल विकून दहा वर्षें झालीं. सून तसें सांगते, तो चिडतो, ती पुन्हां सांगते, तो अंगावर धांवून येतो. सल्लागार म्हणतो, वाद घालूं नका. तुमच्या दृष्टीनें दहा वर्षें गेलीं, त्यांच्या दृष्टीनें आजचीच संध्याकाळ आहे. 'मामाजी, बैल पाणी पाजून बांधले आहेत, आतां चहा घ्या', एवढ्यानें काम होतें. यास कोणी खोटें बोलणें म्हणेल. म्हणो बापडा, त्यानें एक संध्याकाळ त्या घरांत काढून पाहावी. तोच सल्लागार सांगतो कीं, जागा बदलूं नका, वस्तूंच्या ठेवणींत फेरफार करूं नका, संडासाच्या दारावर ठळक खूण करा, दर दोन तासांनीं तेथें घेऊन जा. एकाएकीं फार बिघडलें तर म्हातारपणाच्या नांवावर न घालतां ताप, लघवीचा दाह, दुखणें तपासून घ्या. आणि शेवटीं सुनेकडे वळून विचारतो, तुम्ही केव्हां झोंपतां?

हा शेवटचा प्रश्न याज्ञवल्क्याच्या स्मृतींत नव्हता, १९१२ च्या कायद्यांतहि नव्हता.

गोव्यांतील या प्रयोगाचा निकाल २००८ सालीं प्रसिद्ध झाला. तो नीट वाचला पाहिजे, कारण त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. सहा महिन्यांत ८१ पैकीं १८ रुग्ण वारले. उरलेल्यांचे आचरण किंवा हातापायांची क्षमता निश्चितपणें सुधारली असें म्हणण्याजोगा पुरावा मिळाला नाहीं. सुधारलें तें सांभाळणाऱ्यांचें मन. ज्या घरीं सल्लागार गेला, तेथील माणसांचा मानसिक ताण कमी झाला, रुग्णाच्या वागण्यानें त्यांना होणारा त्रास कमी झाला. रोग बरा करण्याच्या दृष्टीनें पाहणारा याला अपयश म्हणेल. पण ज्या रोगावर अजून पुरतें औषध नाहीं, त्यांत वर्षानुवर्षें टिकावयाचें असतें तें सांभाळणाऱ्यानेंच; तें माणूस कोसळलें कीं रुग्णहि कोसळतो.

शहरांतील मराठी प्रेक्षकांना हा विषय परिचित केला तो सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटानें. डॉ. मोहन आगाशे यांनीं त्यांत संस्कृतच्या एका वृद्ध पंडिताचें काम केलें आहे. स्मृति हरवलेला तो पंडित रस्त्यानें चाललेल्या हत्तीच्या मागें जातो, आणि मुलगी त्याला शोधीत असतां माहुताची गरीब बायको त्याला लेंकरासारखें सांभाळते. ही भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत साहाय्यक अभिनेत्रीचा मान मिळाला. पंडिताच्या विद्येची त्या माहुताच्या बायकोला गंधवार्ता नसते, आणि म्हणूनच त्याचें काय हरवलें याचें दुःखहि तिला नसतें. ती समोरच्या माणसाला जेवूं घालते. पोटच्या मुलीला हें इतकें सोपें कां जात नाहीं, हें चित्रपटानें फार समजुतीनें दाखविलें आहे.

आतां पुन्हां वाशीमकडे. २००७ सालीं आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलांनीं सांभाळ केला नाहीं तर वृद्धांना न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. सांभाळ न करणाऱ्याला हा कायदा ओळखतो. सांभाळ करतां करतां मोडून गेलेल्याला ओळखत नाहीं. २०१०-११ सालीं वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, आणि आरंभीं निवडलेल्या शंभर जिल्ह्यांत वाशीमची गणना झाली. जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठीं दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्यकेंद्रांत आठवड्यांतून एकदां तपासणी, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरीं भेट, अशी त्याची आंखणी आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें मागासलेपणाच्या कसोट्या लावून जे आकांक्षित जिल्हे ठरविले, त्यांतहि महाराष्ट्रांतील चारांपैकीं एक वाशीम होता. तेव्हां यंत्रणा मुळींच नाहीं असें म्हणतां यावयाचें नाहीं. पण तपासणीच्या दिवशीं आरोग्यकेंद्रांत यावयाचें कोणीं? गुडघा दुखतो तो येतो, दिसत नाहीं तो येतो. ज्याला आपल्याला कांहीं झालें आहे हेंच ठाऊक नाहीं तो येत नाहीं, आणि त्याच्या घरच्यांना हा रोग वाटत नाहीं म्हणून तेहि आणीत नाहींत.

गोव्यांतील डॉक्टरांपेक्षां सेविकांना हीं घरें अधिक माहीत होतीं, हें वर आलेंच आहे. खेड्यांत हजार वस्तीमागें एक आशा सेविका असावी असा दंडक आहे. हजार वस्तींत साठीपुढील शंभर माणसें धरलीं, तर तिच्या वांट्यास अशीं सात घरें येतात. पंधरा दिवसांतून एकदां सात घरीं जाणें हें ऐकावयास कठीण वाटत नाहीं. परंतु तिच्या माथीं आधींच बाळंतपणें, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या आणि नाना प्रकारच्या नोंदवह्या आहेत, आणि तिला पगार नाहीं, मानधन आहे. आणखी एक काम तिच्या पिशवींत टाकून मोकळें होण्याची जी सवय योजना आंखणाऱ्यांना जडली आहे, ती या कामीं चालणार नाहीं. ओळख करून देणें तिच्याकडे ठेवावें. घरीं बसून ऐकावयाला दुसरें माणूस पाहिजे. तें गोव्यांतल्याप्रमाणें गांवचेंच, थोडें शिकविलेलें व मोबदला दिलेलें असलें तरी पुरे. बचत गटांतील प्रौढ बाया, निवृत्त शिक्षक, ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासद यांतून अशीं माणसें मिळण्याजोगीं आहेत.

आणि कांहीं आधार तर नवा उभारण्याचीहि गरज नाहीं. वऱ्हाडांत मारुतीच्या वा विठ्ठलाच्या देवळांत संध्याकाळीं हरिपाठ होतो. मुलीचें नांव न आठवणारा म्हातारा टाळ हातीं दिल्यावर अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणूं शकतो. लहानपणीं सुरांबरोबर मुरलेलें बहुतेकांत सर्वांच्या शेवटीं जातें, हें मेंदूचे अभ्यासकहि सांगतात. तो चाल चुकला तर शेजारच्यानें हंसूं नये, मध्येंच उठला तर हात धरून बसवावें, संपल्यावर एकानें घरापर्यंत पोंचवावें, एवढें त्या मंडळींना कोणीं सांगितलेलें असलें म्हणजे झालें. त्या दीड-दोन तासांत घरीं सून दिवा मालवून पडते. कोणी हांक मारणार नाहीं हें ठाऊक असल्यामुळें तिला झोंप लागते.